ऱ्होनचा पिता : ऑस्कर उर्सिनस

आकाशात घिरट्या घालणारी घार सर्वांनीच पाहिलेली असते. पंख पसरून ती जणू निश्चल राहते. तरीही खाली न येता उंच उंच चढत जाते. हे सामर्थ्य जितके तिच्या पंखांचे, तितकेच वाऱ्याचे असते. इंजिनाच्या साहाय्यावाचून मनुष्यालाही असेच विहरता येईल, असा विश्वास बाळगणारी माणसे विसाव्या शतकाच्या आरंभी फार थोडी होती. त्या थोड्यांना एका उजाड डोंगरावर एकत्र आणून, त्यांच्या स्पर्धा भरवून, ज्याने त्यांच्या छंदाला शास्त्राची वाट दाखवली, तो जर्मन अभियंता म्हणजे ऑस्कर उर्सिनस होय. उड्डाणांचे मोठे विक्रम त्याच्या नावावर नाहीत. परंतु विक्रम करणारे अनेक तरुण त्याने घडवून आणलेल्या मेळाव्यांतूनच पुढे आले.

उर्सिनसचा जन्म ११ मार्च १८७७ रोजी जर्मनीतील वायसेनफेल्स या गावी झाला. यंत्रविद्येचे शिक्षण घेऊन तो फ्रँकफुर्ट शहरी स्थायिक झाला. राइट बंधूंच्या पराक्रमाची वार्ता तेव्हा युरोपभर पसरली होती, आणि उड्डाणाच्या कल्पनेने अनेक तरुणांना झपाटले होते. उर्सिनस त्यांपैकीच एक. १९०८ साली त्याने 'फ्लुगश्पोर्ट', म्हणजे 'उड्डाणक्रीडा', या नावाचे नियतकालिक सुरू केले. नव्या विमानांचे आराखडे आणि ठिकठिकाणच्या उड्डाणांचे वृत्तांत त्यात प्रसिद्ध होत. खेड्यापाड्यांतला एखादा हौशी तरुणही ते वाचून आपल्या अंगणात लाकूड व कापड यांचे पंख जोडू लागे.

जर्मनीच्या मध्यभागी ऱ्होन नावाची डोंगररांग आहे. वासरकुप्पे हे तिचे सर्वांत उंच शिखर. त्याची उंची सुमारे ९५० मीटर. त्याच्या उतारांवर झाडी नाही, आणि वाऱ्याला कोठेही आडकाठी नाही. डार्मश्टाट शहरातील काही विद्यार्थी १९११ पासून तेथे आपली बिनइंजिनाची विमाने, म्हणजेच ग्लायडर, घेऊन जात असत. १९१२ साली त्यांच्यापैकी गुटरमुथ नावाच्या तरुणाने ८०० मीटरांहून अधिक अंतर उडून दाखवले. परंतु १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि तो खेळ थांबला. त्या विद्यार्थ्यांपैकी काही जण रणांगणावरून परतलेच नाहीत. उर्सिनसनेही युद्धकाळात आपली बुद्धी लष्करी विमानांच्या रचनेसाठी वेचली.

युद्धात जर्मनीचा पराभव झाला. १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने तिला लष्करी विमानदल ठेवण्याची बंदी झाली; इंजिनाच्या विमानांच्या बांधणीवरही कडक निर्बंध आले. देश कर्जबाजारी, कारखाने बंद, आणि उडण्याची आस धरणारे तरुण हताश, अशी स्थिती होती. तहात ग्लायडरविषयी मात्र काहीच म्हटलेले नव्हते. वाऱ्यावर कोणत्याही तहाचे बंधन नव्हते! ड्रेस्डेन येथील एरिच मायर या तरुणाने बिनइंजिनाच्या उड्डाणांची कल्पना मांडली. उर्सिनसने ती उचलून धरली आणि १९२० च्या उन्हाळ्यात वासरकुप्पेवर स्पर्धा भरत असल्याचे आवाहन आपल्या नियतकालिकातून केले.

स्पर्धेचे आवाहन करणे सोपे; ती पार पाडणे कठीण. डोंगरावर ना घर, ना रस्ता. तरुण मंडळी आपल्या विमानांचे सुटे भाग घेऊन आगगाडीने पायथ्याच्या गेर्सफेल्ड गावी येत आणि तेथून ते गाड्यांवर लादून वर चढवीत. राहायला तंबू होते. पाऊस आणि धुके यांनी कित्येक दिवस वाया जात. बहुतेक यंत्रे अननुभवी हातांनी बांधलेली. काही पहिल्याच झेपेत मोडून पडली. आणि मग ऑगस्ट महिन्यात सर्वांच्या काळजाचा ठोका चुकवणारी घटना घडली. फॉन लोसल या तरुणाचे विमान उड्डाणात असतानाच मोडले आणि तो मृत्युमुखी पडला.

आता पुढे काय, हा प्रश्न तंबूतंबूंतून उभा राहिला असेल. स्पर्धा तेथेच संपली असती तर कोणी दोष दिला नसता. परंतु ती चालू राहिली. अखेरच्या दिवसांत आखेन येथील वोल्फगांग क्लेम्परर आपले काळ्या रंगाचे विमान घेऊन आला. त्याने आपले विमान रबरी दोराने उडवले. विमानाच्या नाकाला दोर अडकवायचा, त्याची दोन टोके धरून साथीदारांनी उताराच्या दिशेने धावायचे, आणि ताणलेल्या दोराच्या जोराने विमान गोफणीतील धोंड्यासारखे पुढे सुटायचे, अशी ती रीत होती. २ मिनिटे २२ सेकंदांत क्लेम्परर १,८३० मीटर उडत गेला. अंतर फार नव्हते. पण निराश झालेल्यांना धीर देण्यास ते पुरेसे होते.

पुढे ही स्पर्धा दरवर्षी भरू लागली. यंत्राची तपासणी झाल्यावाचून उड्डाणास परवानगी मिळेनाशी झाली. कारण निष्काळजीपणाची किंमत काय असते, हे सर्वांनी पाहिले होते. येथे प्रतिस्पर्धी एकमेकांची विमाने जवळून पाहत. दुसऱ्याच्या विमानाचा दोर ओढण्यासाठीही धावून जात. ज्याचे पंख सरस ठरत, त्याची रचना 'फ्लुगश्पोर्ट'मध्ये छापली जाई आणि पुढच्या वर्षी ती इतरांना उपयोगी पडे. अशा रीतीने एकाचे यश सर्वांचे होई, आणि एकाची चूक सर्वांना शिकवून जाई. उर्सिनसला सर्व जण प्रेमाने 'ऱ्होनचा पिता' म्हणू लागले.

या सहकार्याचे फळ लवकरच दिसले. अमेरिकेत ऑरव्हिल राइट १९११ साली बिनइंजिनाच्या विमानातून ९ मिनिटे ४५ सेकंद तरंगत राहिला होता. १९२१ साली क्लेम्पररने १३ मिनिटे उडून तो विक्रम मागे टाकला. १९२२ च्या ऑगस्टमध्ये हॅनोव्हरच्या विद्यार्थ्यांनी 'व्हँपायर' नावाचे सडपातळ, लांब पंखांचे ग्लायडर आणले. त्यातून मार्टेन्स हा तरुण एक तासाहून अधिक काळ, आणि काही दिवसांतच त्याचा सोबती हेन्ट्सेन तीन तासांहून अधिक काळ, आकाशात राहिला. डोंगराच्या उतारावर आदळणारा वारा वर वळतो, आणि त्या वर जाणाऱ्या प्रवाहात राहिले की विमान खाली येत नाही, हे त्यांनी कृतीने सिद्ध केले. घारीचे गुपित मनुष्याच्या हाती आले होते.

१९२६ साली माक्स केगेल या वैमानिकाचे ग्लायडर वादळी ढगात ओढले गेले. त्या भयंकर प्रवाहाने त्याला कोठल्याकोठे उंच नेले, आणि सुमारे ५५ किलोमीटर अंतरावर तो सुखरूप उतरला. ढगाखालीही वर जाणारी हवा असते, हे या प्रसंगातून ध्यानात आले. मग डोंगर सोडून ढगांच्या आधाराने दूरवर जाण्याचे प्रयत्न सुरू झाले. व्हिएन्नाच्या रॉबर्ट क्रोनफेल्डने १९२९ साली १०० किलोमीटरांची मर्यादा ओलांडली. नऊ वर्षांपूर्वी जेथे दोन किलोमीटरांचेही कौतुक झाले होते, तेथे ही प्रगती थक्क करणारी होती.

परंतु चांगल्या कार्यालाही वाईट हात लागू शकतात. १९३३ साली जर्मनीत हिटलरची सत्ता आली. उड्डाणाची हौशी मंडळे सरकारने आपल्या ताब्यात घेतली. ज्या खेळात तरुण मोकळ्या मनाने रमत, तो सैन्याच्या तयारीचे साधन झाला. ज्यू कुळातील क्रोनफेल्डला देश सोडून इंग्लंडचा आश्रय घ्यावा लागला. १९४० च्या मे महिन्यात तर जर्मन सैनिक ग्लायडरांतूनच बेल्जममधील एका बलाढ्य किल्ल्यावर उतरले. उर्सिनसचे नियतकालिक या काळातही, १९४४ पर्यंत, निघत राहिले. ज्ञान स्वतः निर्दोष असते. पण ते कोणाच्या हाती जाते याविषयी सावध राहावे लागते, हा या इतिहासातील कठोर धडा आहे.

उर्सिनसचे स्वतःचे मन मात्र एका जुन्या स्वप्नात गुंतले होते. मनुष्याने केवळ आपल्या स्नायूंच्या बळावर उडावे, या ध्यासाने त्याने १९३५ साली फ्रँकफुर्ट येथे संशोधनासाठी एक संस्था स्थापन केली. तेव्हा त्याचे वय अठ्ठावन्न वर्षांचे होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत ग्लायडर उडवण्यासही बंदी झाली. ती १९५१ साली उठली, आणि जर्मन तरुण पुन्हा वाऱ्यावर स्वार झाले. हे पाहण्याचे भाग्य वृद्ध उर्सिनसला लाभले. ६ जुलै १९५२ रोजी फ्रँकफुर्ट येथे त्याचे निधन झाले. पुढे १९६८ साली स्वतःच्या हातांनी विमाने बांधणाऱ्या जर्मन हौशी लोकांनी आपली संघटना स्थापन केली, तेव्हा तिला त्यांनी उर्सिनसचेच नाव दिले.

शर्यतीत पहिला येणाऱ्याचे नाव सर्वांच्या तोंडी असते. परंतु शर्यत भरवणारा, तिचे नियम सांभाळणारा आणि पडलेल्यांना पुन्हा उभे करणारा क्वचितच कोणाच्या स्मरणात राहतो. उर्सिनसच्या बाबतीत तसे झाले नाही. इतरांना उडता यावे म्हणून तो जमिनीवर उभा राहिला, हेच त्याचे मोठेपण होय.