कमलादेवी चट्टोपाध्याय

कमलादेवी चट्टोपाध्याय (३ एप्रिल १९०३ – २९ ऑक्टोबर १९८८) या भारतीय स्वातंत्र्यसैनिक, समाजसुधारक, सहकारी चळवळीच्या कार्यकर्त्या व लेखिका होत्या. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांचे सहकारी तत्त्वावर पुनर्वसन आणि भारतीय हस्तकलांचे पुनरुज्जीवन ही त्यांची दोन प्रमुख कार्ये मानली जातात. ही कार्ये परस्परांशी निगडित होती.

पूर्वायुष्य

कमलादेवींचा जन्म मंगळूर येथे एका सारस्वत कुटुंबात झाला. वडील अनंतय्या धारेश्वर सरकारी अधिकारी होते. त्यांचे निधन कमलादेवींच्या बालपणीच झाले. आई गिरिजाबाई यांनी त्यांना वाढवले व शिक्षणाची गोडी लावली. तत्कालीन रूढीप्रमाणे कमलादेवींचा विवाह लहान वयात झाला आणि थोड्याच काळात त्यांना वैधव्य आले. पुढे मद्रासच्या क्वीन मेरीज कॉलेजात शिकत असताना त्यांची कवी व नाटककार हरिंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्याशी ओळख झाली. हरिंद्रनाथ हे सरोजिनी नायडू यांचे बंधू. विधवेच्या पुनर्विवाहाला समाजाचा विरोध असतानाही दोघांनी विवाह केला. कालांतराने ते विभक्त झाले.

स्वातंत्र्यचळवळ

१९२६ मध्ये कमलादेवींनी मद्रास प्रांताच्या विधिमंडळाची निवडणूक लढवली. त्यात त्यांचा अल्प मतांनी पराभव झाला. १९२७ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहात स्त्रियांनाही सहभागी होता यावे, असा आग्रह त्यांनी महात्मा गांधींकडे धरला. मुंबईत मिठाचा कायदा मोडणाऱ्या पहिल्या तुकडीत त्या व अवंतिकाबाई गोखले या दोन स्त्रिया होत्या. मुंबईच्या शेअर बाजारात जाऊन त्यांनी सत्याग्रहाचे मीठ विकले. या चळवळीत त्यांना तुरुंगवास घडला. पुढे त्या काँग्रेस समाजवादी पक्षातही अग्रभागी होत्या.

निर्वासितांचे पुनर्वसन

१९४७ च्या फाळणीनंतर पश्चिम पंजाब व वायव्य सरहद्द प्रांतातून लक्षावधी लोक दिल्ली व तिच्या परिसरात आले. त्यांच्यासाठी छावण्या उघडण्यात आल्या, शिधा व तंबू पुरवण्यात आले. अशी मदत तातडीची गरज भागवते. मात्र ती दीर्घकाळ चालली तर माणूस परावलंबी होतो, असे कमलादेवींचे मत होते. घर, जमीन व दुकान मागे राहिले तरी निर्वासितांनी आपले श्रम व कौशल्य सोबत आणले होते. तेच भांडवल मानून पुनर्वसन करावे, ही त्यांची भूमिका होती. स्वातंत्र्यानंतर सत्तेच्या राजकारणापासून दूर राहून त्यांनी या कामाला वाहून घेतले.

१९४८ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियन ही संस्था उभी राहिली. दिल्लीजवळील छत्तरपूर येथे निर्वासित शेतकऱ्यांची सहकारी संस्था स्थापून कामास प्रारंभ झाला. त्यानंतर फरीदाबाद येथे सरहद्द प्रांतातील निर्वासितांसाठी नवे नगर वसवण्याच्या कामात संस्थेने मोठा वाटा उचलला. घरे ठेकेदारांकडून बांधून न घेता निर्वासितांच्या सहकारी संस्थांमार्फत त्यांनीच बांधावीत, अशी ही योजना होती. त्यामुळे निवारा व रोजगार दोन्ही एकाच कामातून मिळू लागले. या कार्यात लक्ष्मीचंद जैन हे त्यांचे प्रमुख सहकारी होते. शासकीय यंत्रणेची पकड वाढल्यावर येथील सहकारी प्रयोग क्षीण होत गेला. फरीदाबाद पुढे मोठे औद्योगिक शहर झाले. पण मूळ कल्पनेतील लोकांच्या हाती कारभार असलेले नगर साकार झाले नाही.

निर्वासित स्त्रियांपुढील प्रश्न अधिक बिकट होता. अनेकींनी घराबाहेर कधी अर्थार्जन केले नव्हते. मात्र पंजाबातून आलेल्या अनेक स्त्रियांना फुलकारी हे भरतकाम अवगत होते. जाड सुती कापडावर, उलट बाजूने टाके घालत, रेशमी धाग्याने केले जाणारे हे काम पिढ्यानपिढ्या लेकीसुनांसाठी घरातच होत असे. त्याला विक्रीची वस्तू करायचे, तर कच्चा माल, मजुरीचा दर, ग्राहकाच्या गरजेची मापे आणि हक्काची बाजारपेठ यांची जोड आवश्यक होती. निर्वासितांच्या हस्तकलेसाठी दिल्लीत सुरू झालेल्या विक्रीकेंद्रांनी ही उणीव काही अंशी भरून काढली. सेंट्रल कॉटेज इंडस्ट्रीज एम्पोरियम या सरकारी विक्रीकेंद्राचे व्यवस्थापन इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियनकडे आल्यावर देशभरातील कारागिरांच्या मालाला राजधानीत कायमचे दालन मिळाले.

हस्तकलांचे पुनरुज्जीवन

निर्वासितांमधील कार्यातून कारागिरांच्या अडचणी कमलादेवींना जवळून उमगल्या. १९५२ मध्ये अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झाले. या मंडळाच्या अध्यक्षा म्हणून त्यांनी दीर्घकाळ काम पाहिले. गावोगाव हिंडून त्यांनी लुप्त होऊ लागलेल्या कलांचा व त्या जाणणाऱ्या वृद्ध कारागिरांचा शोध घेतला, तसेच नव्या पिढीच्या प्रशिक्षणाची व्यवस्था केली. श्रीकालहस्तीची कलमकारी व जयपूरची निळी मृत्पात्रे यांच्या पुनरुज्जीवनाशी त्यांचे नाव जोडले जाते. केवळ संग्रहालयात जपलेली कला टिकत नाही, ती कारागिराला पोट भरण्याइतके उत्पन्न देऊ शकली तरच टिकते, या विचारावर त्यांचे धोरण आधारलेले होते. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या जागतिक हस्तकला परिषदेच्या संस्थापकांपैकी त्या एक होत्या. नाट्यकलेच्या क्षेत्रातही त्यांचे कार्य मोलाचे आहे.

लेखन व सन्मान

स्त्रियांचे प्रश्न, समाजवाद व हस्तकला या विषयांवर त्यांनी इंग्रजीत विपुल लेखन केले. त्यांचे आत्मचरित्र १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. भारत सरकारने त्यांना १९५५ मध्ये पद्मभूषण व १९८७ मध्ये पद्मविभूषण देऊन गौरवले. १९६६ मध्ये त्यांना लोकनेतृत्वासाठी रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

२९ ऑक्टोबर १९८८ रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले.