मलिक अंबर मराठी माहिती : शहराच्या पोटातून पाणी नेणारा वजीर

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या सिंदखेड राजाचे लखुजीराव जाधव म्हटले की निजामशाही आठवते. त्याच निजामशाहीचा वजीर म्हणजे मलिक अंबर. लढवय्या म्हणून तो तुम्हाला माहीत असेल. आज त्याचं जमिनीखालचं काम बघूया.

अंबरचा जन्म सुमारे 1548 मध्ये इथिओपियात झाला. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला आणि बगदादमार्गे दख्खनमध्ये आला. मालक चंगीझखानाच्या मृत्यूनंतर तो मोकळा झाला. 1600 मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला, तेव्हा त्याने दुसऱ्या मुर्तझाला गादीवर बसवून राज्य सावरले. 1624 मध्ये भातवडीची लढाईही त्यानेच जिंकली.

1610 मध्ये त्याने खडकी हे शहर वसवले. तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. गावाच्या नावातच खडक! मग पाणी आणायचं कुठून? अंबरने उत्तरेच्या डोंगराकडचं भूजल जमिनीखालच्या नहरीतून थेट वस्तीत आणलं. पंप नाही, वीज नाही, फक्त उतार! उतार जास्त झाला तर बांधकाम झिजते, कमी झाला तर गाळ साचतो. हवा खेळावी आणि गाळ काढता यावा म्हणून ठिकठिकाणी उभी विवरे ठेवली.

हे सोपं नव्हतं. आपलं लोणार सरोवर ज्या काळ्या बेसाल्ट खडकात आहे, तोच खडक तिथेही आहे. कुठे पहार टेकत नाही, तर कुठे मुरूम लागतो आणि फटींतून पाणी झिरपते. अशा जागी आधार दिला नाही तर छत ढासळते, वरची जमीन खचते आणि घरांच्या भिंतींना तडे जातात. म्हणून आतून बांधकाम करावे लागते. मुंबईत जुन्या इमारतींखालून मेट्रोचे बोगदे खोदतानाही हीच काळजी होती. तिथे यंत्राने खोदाई करताना मागोमाग काँक्रीटचे अस्तर बसवत गेले.

1626 मध्ये अंबर वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. नहर मात्र शतकानुशतके पाणी देत राहिली. आज तिला धोका वरून आहे. तिच्यावर घरे उभी राहिली, पाया खोदताना ती फुटते, सांडपाणी आत शिरते.

म्हणून मित्रांनो, घराचा पाया किंवा बोअर घेण्याआधी खाली काय आहे, हे नक्की विचारा. जमिनीखालचं दिसत नाही, पण गावाची तहान त्यावरच भागत असते.