दुखणं ऐकून घेणारा डॉक्टर

सकाळी उठल्यावर हाताची मूठ वळत नाही. कणीक मळायला घेतली तर बोटं साथ देत नाहीत. तासभर गेल्यावर कुठे हात थोडे सैल होतात. वय झालं असं म्हणून आपण बायका हे सगळं अंगावर काढतो. पण मैत्रिणींनो, आमवात, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, हा काही फक्त म्हातारपणाचा आजार नाही. तो ऐन तिशी-चाळिशीतही गाठतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना दोन ते तीन पट जास्त होतो. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच सांध्यांवर उलटते, सांध्याच्या आतलं अस्तर सुजतं आणि वेळेवर इलाज झाला नाही तर हाडं झिजून बोटं वाकडी होतात.

एके काळी या आजारात माणूस एकदा अंथरुणाला खिळला की उठत नाही, असंच डॉक्टरही धरून चालायचे. हा समज ज्यांनी मोडला, त्या डॉ. फिलिप हेंच यांची आज ओळख करून घेऊ या. त्यांच्या शोधाचा धागा आपल्या बाळंतपणाशी जोडलेला आहे, म्हणून तर आपण बायकांनी तो जाणून घ्यायलाच हवा.

फिलिप शोवॉल्टर हेंच यांचा जन्म 28 फेब्रुवारी 1896 रोजी अमेरिकेतल्या पिट्सबर्ग या शहरात झाला. जन्मतः त्यांची टाळू दुभंगलेली होती, त्यामुळे बोलण्यात दोष राहिला. पण गडी लाजून कोपऱ्यात बसणाऱ्यातला नव्हता. 1916 साली पदवी घेतली, पहिल्या महायुद्धात सैन्याच्या वैद्यकीय दलात नाव नोंदवलं आणि 1920 मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठातून ते डॉक्टर झाले. पुढच्याच वर्षी मिनेसोटा राज्यातल्या रोचेस्टर गावी, प्रसिद्ध मेयो क्लिनिकमध्ये ते दाखल झाले. 1926 साली तिथल्या संधिवात विभागाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. 1927 मध्ये मेरी काहलर यांच्याशी लग्न झालं. पुढे दोन मुलगे, दोन मुली असा भरला संसार झाला.

संधिवाताचा विभाग म्हणजे तेव्हा कुणाला नकोसं काम. रोगी बरे होत नाहीत, नुसते येत राहतात. अ‍ॅस्पिरिन द्या, शेक द्या, विश्रांती सांगा, झालं. हेंच मात्र रोग्याजवळ बसायचे, विचारायचे, ऐकायचे आणि लिहून ठेवायचे.

1 एप्रिल 1929 ची गोष्ट. पासष्ट वर्षांचे एक रोगी, जे स्वतःही डॉक्टर होते, हेंच यांना एक विचित्र अनुभव सांगू लागले. त्यांना कावीळ झाली आणि कावीळ झाल्याबरोबर सांध्यांचं दुखणं ओसरलं. कावीळ राहिली चार आठवडे, पण आराम टिकला तब्बल सात महिने. दुसऱ्या एखाद्या डॉक्टरने योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. हेंच यांनी तसे आणखी रोगी शोधायला सुरुवात केली, आणि ते सापडतही गेले.

मग 1931 च्या सुमारास बायकांकडून दुसरी गोष्ट कानावर येऊ लागली. दिवस राहिले की आमवाताचं दुखणं कमी होतं आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत, महिन्यांत ते परत डोकं वर काढतं. आता ही गोष्ट घराघरातल्या बायकांना आधी कळली नसेल का? नक्कीच कळली असणार. पण गरोदर बाईच्या अशा बोलण्याकडे शास्त्र म्हणून कोण बघतं! हेंच यांनी बघितलं. एकेका बाईच्या गरोदरपणाचा हिशोब मांडून 1938 साली त्यांनी त्यावर निबंध प्रसिद्ध केला.

यातून त्यांचा विचार कसा पुढे गेला बघा. काविळीने आराम पडतो म्हणजे पित्तात काहीतरी असेल, असं आधी वाटलं होतं. पण गरोदर बाईला तर कावीळ नसते. बरं, हा गुण बायकांच्या संप्रेरकाचा म्हणावा तर काविळीत पुरुषांनाही आराम पडतोच. म्हणजे बाई आणि पुरुष, दोघांच्याही शरीरात तयार होणारा असा एखादा पदार्थ असणार, जो अशा वेळी जास्त प्रमाणात तयार होत असेल. या अज्ञात पदार्थाला त्यांनी नाव दिलं, पदार्थ एक्स.

तो शोधायला त्यांनी काय काय केलं नाही! पित्त देऊन पाहिलं, यकृताचा अर्क दिला, काविळीच्या रोग्याचं आणि गरोदर बायकांचं रक्तही देऊन पाहिलं. कशानेच गुण येईना. वर्षांमागून वर्षं गेली, पण त्यांनी नाद सोडला नाही.

त्याच मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडल नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या छोट्या ग्रंथी असतात, त्यांना अधिवृक्क म्हणतात. त्या ग्रंथींमधून केंडल एकेक पदार्थ वेगळा काढत होते आणि त्यांना ए, बी, ई, एफ अशी अक्षरं देत होते. 1941 च्या जानेवारीत दोघांचं बोलणं झालं. पदार्थ एक्स म्हणजे केंडल यांचा पदार्थ ई तर नसेल, अशी शंका निघाली. हेंच यांनी ती खिशातल्या वहीत टिपून ठेवली. पण करणार काय? ग्रंथींमधून हा पदार्थ इतका थोडा निघायचा की रोग्याला देण्याइतका जमणं शक्यच नव्हतं. त्यात दुसरं महायुद्ध पेटलं. हेंच सैन्यात गेले आणि तिथेही संधिवाताच्या सैनिकांचं केंद्र सांभाळू लागले.

इकडे मर्क कंपनीतल्या लुईस सॅरेट या तरुण शास्त्रज्ञाने 1944 साली गाई-बैलांच्या पित्तापासून तीसहून जास्त पायऱ्यांनी हा पदार्थ ई प्रयोगशाळेत बनवून दाखवला. तरी 1948 पर्यंत तो जमला होता अगदी चिमूटभर.

1948 च्या उन्हाळ्यात इंडियाना राज्यातून एकोणतीस वर्षांची एक तरुणी मेयो क्लिनिकमध्ये आली. आमवाताने इतकी जखडलेली की अंथरुणात कूस बदलणंही कठीण. नेहमीचे उपाय झाले, गुण नाही. पण बाईही जिद्दीची, बरं वाटल्याशिवाय घरी जायला तयार नाही. शेवटी हेंच यांनी कंपनीला पत्र लिहून पदार्थ ई मागितला. 21 सप्टेंबर 1948 रोजी तिला पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. रोजची मात्रा 100 मिलिग्रॅम. मात्रा याहून बरीच कमी ठेवली असती, तर कदाचित काही दिसलंच नसतं आणि शोध पुन्हा अंधारात गेला असता. तिसऱ्या दिवशी तिचे स्नायू मोकळे वाटू लागले. आठवडाभरात ती चालत बाजारात गेली आणि चांगली तीन तास खरेदी करून आली! वर्षानुवर्षं घरात अडकलेल्या बाईला बाजारहाट म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

एप्रिल 1949 मध्ये हेंच यांनी सहकाऱ्यांसमोर रोग्यांचं चित्रीकरण दाखवलं. उपचाराआधी लंगडणारी, उपचारानंतर पायऱ्या चढणारी माणसं बघून सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पदार्थ ई चं नाव जीवनसत्त्व ई शी गल्लत होऊ नये म्हणून बदललं आणि ते कॉर्टिझोन झालं. दुसऱ्याच वर्षी, 1950 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडचे ताडेउश राइखश्टाइन यांना विभागून मिळालं. पारितोषिकाच्या रकमेतला काही भाग हेंच यांनी आपल्या विभागाच्या मुख्य परिचारिका सिस्टर पँटेलियन यांना दिला. त्यातून त्या जोगिणीची रोमची यात्रा झाली. रात्रंदिवस रोग्यांचं करणाऱ्या बाईची आठवण अशा वेळी राहणं, ही काही लहान गोष्ट नव्हे.

पण गोष्ट इथे संपत नाही. औषध थांबवलं की दुखणं परत यायचं. आणि चालू ठेवलं तर चेहरा गोल सुजायचा, साखर आणि रक्तदाब वाढायचा, हाडं ठिसूळ व्हायची, मन थाऱ्यावर राहायचं नाही. पहिल्या रोगी बाईलाही हे भोगावं लागलं. वर्तमानपत्रं चमत्कार म्हणून नाचत होती, तेव्हा हेंच मात्र सुरुवातीपासून बजावत होते की हे औषध आजार दाबतं, मुळापासून काढत नाही.

मग हा शोध वाया गेला का? मुळीच नाही. सांध्यांची सूज औषधाने उतरू शकते, हे त्यातून पहिल्यांदा इतकं स्पष्ट सिद्ध झालं. पुढची संशोधनं त्याच खात्रीवर उभी राहिली. आज आमवातावर मेथोट्रेक्सेटसारखी औषधं आणि नवी जैविक इंजेक्शनं आहेत. कॉर्टिझोनची भावंडं, म्हणजे स्टेरॉइड, आता कमी मात्रेत आणि शक्यतो थोड्या दिवसांसाठी दिली जातात. दम्यात त्यांनी असंख्य जीव वाचवले. दिवस भरण्याआधी कळा सुरू झाल्या तर बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला जे इंजेक्शन देतात, तेही याच कुळातलं. 2020 मध्ये करोनाच्या गंभीर रोग्यांना उपयोगी पडलेलं डेक्सामेथासोनही त्यातलंच.

आता थोडं आपल्याकडचं बोलू. आमच्या मंडळातर्फे आम्ही खेड्यांत आरोग्याची माहिती द्यायला जातो, तेव्हा एक गोष्ट हमखास दिसते. सांधेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्या! दोन पुड्यांत गुण, म्हणून बायका एकमेकींना सांगतात. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असल्याचं आपल्या देशात तपासण्यांत अनेकदा आढळलं आहे. दोन दिवसांत दुखणं पळतं ते त्यामुळेच. खाणाऱ्या बाईला मात्र आपण काय खातोय, किती खातोय, याचा पत्ता नसतो. आणि बरेच दिवस घेऊन एकदम बंद केलं तर जिवावर बेतू शकतं, कारण तोवर शरीराची स्वतःची ग्रंथी सुस्तावलेली असते. म्हणून अशी पुडी घेत असाल तर ती डॉक्टरांना नेऊन दाखवा आणि त्यांच्या सांगण्यानेच कमी करा.

आणखी दोन गोष्टी. गरोदरपणात आमवात कमी होतो, पण प्रत्येकीचा होतोच असं नाही, आणि बाळंतपणानंतर तो उसळू शकतो. मेथोट्रेक्सेट गरोदरपणात चालत नाही, म्हणून मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोला. दुसरं, मणक्यांचा सुजेचा संधिवात निराळा. तरुण वयात तीन महिन्यांहून जास्त कंबर दुखणं, सकाळी ती ताठणं, आणि पडून राहण्यापेक्षा हालचालीने बरं वाटणं, ही त्याची लक्षणं. तो सहसा गरोदरपणात ओसरत नाही आणि स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही त्यात फारसा उपयोग होत नाही. त्याला व्यायाम आणि वेगळी औषधं लागतात. हा पुरुषांचा आजार असं समजून बायकांचं निदान पुष्कळदा उशिरा होतं.

डॉ. हेंच 1957 साली निवृत्त झाले. पीतज्वराच्या संशोधनाचा इतिहास गोळा करायचा त्यांना जुना छंद होता. हयात असलेल्या माणसांना पत्रं लिहायची, क्यूबात जाऊन प्रयोगाची जागा शोधायची, कागद जपायचे, असं त्यांचं चालायचं. त्यावरचं पुस्तक मात्र राहून गेलं. 30 मार्च 1965 रोजी जमैकात सुट्टीवर असताना न्यूमोनियाने त्यांचं निधन झालं. ते सारे कागद पुढे व्हर्जिनिया विद्यापीठाकडे गेले.

मैत्रिणींनो, हेंच यांना वाट दाखवली ती रोग्यांनी सांगितलेल्या साध्या अनुभवांनी. तेव्हा डॉक्टरांकडे जाल तेव्हा सगळं नीट सांगा. कधी दुखतं, किती वेळ आखडतं, कशाने कमी होतं, बाळंतपणात काय झालं, हे घरीच एका कागदावर लिहून न्या. आणि बोटांचे सांधे सुजून सहा आठवडे झाले असतील, तर हळदीचे लेप लावत बसू नका. हात आपले आहेत, अजून पुष्कळ कामं त्यांनी करायची आहेत.