धरसोड की शोध?

माझे वडील धान्याच्या अडतीवर हमाली करतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. बारावीपर्यंत विज्ञान, मग कला शाखा, त्यातही आधी अर्थशास्त्र आणि आता इतिहास, अशा माझ्या उड्या पाहून ते मला धरसोड्या म्हणतात. म्हणूनच धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांचे चरित्र मी स्वार्थाने वाचायला घेतले.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे, एका संस्कृत पंडिताच्या घरी झाला. १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, छायाचित्रण, छपाई असे कितीतरी शिकले. गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ थाटला. पण प्लेगने पत्नी आणि मूल दोघेही हिरावून नेले. त्यानंतर पुराणवस्तू खात्यात नोकरी धरली आणि स्वदेशीच्या दिवसांत ती सोडली. छापखाना काढला, रंगीत छपाईचे तंत्र शिकण्यासाठी १९०९ साली जर्मनीला जाऊन आले आणि भागीदारांशी मतभेद होताच छापखान्यातूनही बाहेर पडले. मधल्या काळात जादूचे प्रयोगही केले. चाळिशी गाठलेल्या या गृहस्थाला आमच्या गल्लीत काय नाव पडले असते, ते मी सांगायला नको!

अशातच गिरगावात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि आपल्या देवादिकांच्या कथा अशाच पडद्यावर आणायच्या, हा ध्यास घेतला. पुढे इतके चित्रपट पाहिले की काही काळ दृष्टीच गेली. उपचारांनी ती परत आल्यावर विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली ते लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन परतले. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी वाटाण्याचे रोप उगवताना रोज थोडेथोडे चित्रित केले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. तारामतीचे काम करायला बाई मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे साळुंके तारामती झाले.

मला जाणवले ते असे, की त्यांचे आधीचे काहीच वाया गेले नव्हते. पडदे रंगवताना चित्रकला, कॅमेऱ्यामागे छायाचित्रण, फिल्म धुताना रसायनांचे ज्ञान आणि पडद्यावरच्या चमत्कारांत जादू कामी आली. त्यांनी धंदे सोडले, पण अर्धवट शिकून सोडले नाहीत. धरसोड आणि शोध यांत मला हाच फरक दिसतो. पुढेही ते एकदा कंपनी सोडून काशीला गेले, नाटक लिहिले आणि पुन्हा चित्रपटाकडेच परतले. उत्साह त्यांचाही आटला होता. परतण्याचे ठिकाण मात्र ठरलेले होते. १९३७ साली, सदुसष्टाव्या वर्षी, त्यांनी ‘गंगावतरण’ हा बोलपट पूर्ण केला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

या लेखासाठी वाचनालयात बसलो असताना माझी शेवटची एस.टी. चुकली. रात्री उशिरा घरी पोहोचलो, तेव्हा वडील जागेच होते. मी त्यांना ही सारी हकिकत सांगितली. त्यांनी एकच विचारले : एवढ्या खटाटोपात त्या माणसाचे घर कोण चालवीत होते?

उत्तर मला माहीत होते. त्यांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई चित्रपटाच्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करीत आणि रात्री फिल्मला भोके पाडीत बसत. मी ते सांगितले. वडील काही बोलले नाहीत. आईने माझे ताट वाढले.

मला इतिहास खरोखर आवडतो की नाही, हे आज छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण एस.टी. चुकल्याचे त्या दिवशी वाईट वाटले नाही, एवढे खरे. आता हा विषय पुरता शिकल्याशिवाय सोडायचा नाही, असे मी ठरवले आहे. कारण माझ्या शोधाचे ओझे माझ्या एकट्याच्या पाठीवर नाही.