अनादीच्या शोधातील एक जीवन : संत ऑगस्टीन

इ. स. ३८७ च्या ईस्टरच्या आदल्या रात्री इटलीतील मिलान नगरीत धर्माचार्य अँब्रोज यांच्या हातून काही मंडळींनी बाप्तिस्मा घेतला. त्यांत आफ्रिकेतून आलेले ३२ वर्षांचे एक पंडित होते. बरोबर त्यांचा किशोरवयीन मुलगा आणि अलिपियस नावाचा जिवलग मित्र होता. या पंडितांचे नाव ऑगस्टीन. पुढे सारे ख्रिस्ती जग त्यांना संत म्हणून ओळखू लागले.

वाचकहो, ख्रिस्ती मंडळी ईश्वराला अनादी, अजन्मा आणि अकृत, म्हणजे कोणीही न केलेला, असा मानतात. हे शब्द आपल्या कानांना नवे नाहीत. पण शब्द परिचयाचा असला म्हणजे अर्थ हाती लागला असे थोडेच आहे! त्या एका अर्थासाठी ऑगस्टीन यांना किती वर्षे भटकावे लागले आणि कोणकोणते मृत्यू पाहावे लागले, ते आज आम्हांस सांगावयाचे आहे.

१३ नोव्हेंबर ३५४ रोजी उत्तर आफ्रिकेतील थागास्ते या गावी त्यांचा जन्म झाला. ते गाव आज अल्जीरिया देशात आहे. त्या काळी तेथे रोमन सत्ता होती. वडील पॅट्रिशियस हे मध्यम स्थितीचे, तापट स्वभावाचे गृहस्थ. ते जुन्या रोमन देवतांना मानणारे, आणि आयुष्याच्या अखेरीस त्यांनी ख्रिस्ती दीक्षा घेतली. आई मोनिका मात्र आरंभापासून श्रद्धाळू ख्रिस्ती. मुलगा बुद्धीचा तल्लख निघाला. कार्थेज येथे वक्तृत्वशास्त्राचा अभ्यास चालू असता १९ व्या वर्षी सिसेरोचा तत्त्वज्ञानाची थोरवी सांगणारा एक ग्रंथ हाती आला आणि सत्याची तहान लागली. ती भागविण्यासाठी ते मानी याच्या पंथात शिरले आणि सुमारे ९ वर्षे तेथे राहिले.

मानीच्या मते प्रकाश आणि अंधार अशी दोन अनादी तत्त्वे आहेत. त्यांचे युद्ध झाले, प्रकाशाचे कण अंधारात अडकले, त्या मिश्रणातून हे जग झाले. ऐकावयास हे सोपे. पण त्यात ईश्वर हा एक सूक्ष्म पदार्थच ठरतो आणि अंधारापुढे त्याचे काही चालत नाही. ऑगस्टीन यांची खरी अडचण हीच होती. जे आहे ते कोठेतरी जागा व्यापून असलेच पाहिजे, यापलीकडे त्यांचे मन जाईना. पुढे पंथावरचा विश्वास उडाला तरी ही सवय सुटली नाही. ईश्वर म्हणजे अपार सागर आणि सृष्टी म्हणजे त्यात बुडालेला, सर्वांगी पाणी भरलेला एक मोठा स्पंज, असे चित्र ते रंगवीत. सागर कितीही अपार मानला तरी स्पंजाच्या मोठ्या भागात पाणी अधिक आणि लहान भागात कमी, मग हत्तीत ईश्वर जास्त आणि चिमणीत थोडा असे म्हणावे लागते, हे त्यांना फार उशिरा उमगले.

बुद्धीची ही गाठ पक्की असतानाच काळजाला पहिला घाव बसला. थागास्ते येथे ते अध्यापन करीत असता त्यांचा एक समवयस्क मित्र तापाने गेला. गावातील प्रत्येक गल्ली, प्रत्येक घर खावयास उठले. अखेर ते गाव सोडून पुन्हा कार्थेजला गेले. मरणाऱ्या माणसावर आपण तो कधीच मरणार नाही असे समजून प्रेम केले, ही आपली चूक त्यांनी पुढे स्पष्ट लिहून ठेवली आहे. मित्राचे नाव त्यांनी सांगितलेले नाही.

इ. स. ३८३ मध्ये त्यांनी रोमला जाण्याचे ठरविले. मोनिकामाता पाठ सोडीनात. बंदराजवळ संत सिप्रियन यांच्या स्मृतीचे एक प्रार्थनास्थान होते; मातेने ती रात्र तेथे रडत प्रार्थनेत काढावी असे मुलाने सुचविले आणि वारा अनुकूल होताच स्वतः गलबतावर चढून निघून गेला. पहाटे माता किनाऱ्यावर आली तेव्हा समुद्र रिकामा होता. आईला फसविल्याचा हा प्रसंग त्यांनी पुढे आपल्याच लेखणीने जगासमोर मांडला. मातेने पिच्छा सोडला नाही. समुद्र ओलांडून ती मिलानला आली, कारण ३८४ मध्ये ऑगस्टीन तेथे वक्तृत्वाचे राजमान्य अध्यापक झाले होते.

येथे एक गोष्ट सांगावयास आम्हांस बरे वाटत नाही, पण लपविणेही योग्य नाही. कार्थेजपासून सुमारे १५ वर्षे एक स्त्री त्यांच्या घरी विवाहाविना राहिली होती. तिच्यापासून त्यांना मुलगा झाला होता. मोठ्या घराण्यात लग्न जुळविण्यासाठी तिला आफ्रिकेस परत धाडण्यात आले. दुसऱ्या पुरुषाचे तोंड पाहणार नाही असे व्रत घेऊन ती गेली. तिचेही नाव त्यांनी लिहिलेले नाही. मुलाचे नाव मात्र सर्वांस ठाऊक आहे. ते अडेओडाटस, म्हणजे ईश्वराने दिलेला. आपल्या व्याकरणग्रंथांत पानोपानी भेटणारा देवदत्त तो हाच!

मिलानमध्ये दोन गोष्टी घडल्या. अँब्रोज यांची प्रवचने आणि प्लेटोच्या परंपरेतील काही ग्रंथ यांमुळे जागा न व्यापणारे, न बदलणारे सत्य असू शकते हे ऑगस्टीन यांना पटले. दुसरी गोष्ट रस्त्यावरची. त्या काळी ख्रिस्ती समाजात एक मोठा वाद पेटला होता. अलेक्झांड्रियाचा एरियस नावाचा धर्मोपदेशक शिकवून गेला होता की, पिता तेवढा अनादी. पुत्र, म्हणजे ख्रिस्त, हा सर्व सृष्टीत श्रेष्ठ खरा, तरी निर्माण केलेलाच. इ. स. ३२५ मध्ये नायसिया येथील धर्मसभेने हे मत त्याज्य ठरविले होते. पुत्र पित्यापासून आहे, परंतु तो घडविलेला नाही. तो नव्हता असा काळच नव्हता, असा तिचा निर्णय. तरी मिलानच्या राजमाता जस्टिना एरियसच्या पक्षाच्या होत्या आणि ३८६ मध्ये त्यांनी एक मंदिर त्या पक्षासाठी मागितले. अँब्रोज देईनात. भक्तजन मंदिरात ठाण मांडून बसले, त्यांत मोनिकामाताही होत्या. रात्री जागविण्यासाठी, धीर सुटू नये म्हणून, पूर्वेकडील रीतीने स्तोत्रे गाण्यास तेव्हा आरंभ झाला. पुत्र अकृत आहे की नाही, हा वाद तेथे लोकांनी गाऊन लढविला. आम्हां कीर्तनकारांस याचे विशेष वाटते.

त्याच वर्षी एका बागेत, मनाची तगमग असह्य झाली असता, शेजारून लहान मुलाच्या आवाजात काही उचलून वाचावे असे ऐकू आले. ऑगस्टीन यांनी संत पौलांच्या पत्रांचे पुस्तक उघडले आणि निश्चय झाला. ही कथा सर्वश्रुत आहे, म्हणून आम्ही ती लांबवीत नाही.

बाप्तिस्म्यानंतर मायलेक स्वदेशी निघाले. रोमच्या बंदरावर, ओस्टिया येथे, गलबताची वाट पाहत असता एके दिवशी दोघे बागेकडे तोंड असलेल्या खिडकीशी बोलत उभी होती. बोलणे देहाच्या सुखांपासून निघाले, आकाश, सूर्य, तारे यांवरून वर गेले, आपल्या मनाच्याही वर चढले आणि जिने हे सर्व केले पण जी स्वतः केलेली नाही, जिला होती आणि असेल हे शब्दच लागू नाहीत, त्या शाश्वत प्रज्ञेला क्षणमात्र स्पर्श झाला. मग दोघे पुन्हा खाली, मुखातून निघणाऱ्या शब्दांत आली. शब्दाला आरंभ असतो आणि शेवटही. आई लिहावाचावयास शिकलेली नव्हती की शिकलेली, हा प्रश्न येथे गौण आहे. त्या खिडकीत पंडित आणि त्याची आई एका पायरीवर होती.

पाचसहा दिवसांत मातेला ताप भरला. नवव्या दिवशी, वयाच्या ५६ व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. आपल्याला पतीशेजारी मूठमाती मिळावी ही त्यांची जुनी हौस. तीही त्यांनी सोडून दिली. कोठेही पुरा, वेदीपाशी माझी आठवण ठेवा, इतकेच मागणे राहिले. देवदत्ताने हंबरडा फोडला. त्याला गप्प करण्यात आले. ऑगस्टीन यांनी डोळ्यांतले पाणी आतच आवरले. रात्री झोप लागली. जाग आली तेव्हा अँब्रोज यांचे सायंकाळचे एक स्तोत्र, सर्वांचा कर्ता जो ईश्वर त्याला आळविणारे, आपोआप मनात घोळू लागले. आणि मग बांध फुटला.

आफ्रिकेत परतल्यावर काही वर्षांतच मुलगाही गेला. ३९१ मध्ये हिप्पो नगरीच्या लोकांनी ऑगस्टीन यांना जवळजवळ धरूनच धर्मोपदेशक केले; चारपाच वर्षांत ते तेथील बिशप झाले. ३९७ च्या सुमारास त्यांनी आपले आत्मनिवेदन लिहावयास घेतले. त्याच्या अकराव्या भागात तो प्रसिद्ध प्रश्न येतो, जो मानीपंथी थट्टेने विचारीत. सृष्टी करण्यापूर्वी ईश्वर काय करीत होता? असे विचारणाऱ्यांसाठी नरक तयार करीत होता, असे एक विनोदी उत्तर त्या काळी प्रचलित होते. ऑगस्टीन ते उत्तर देण्यास नकार देतात. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणावे, पण खोल प्रश्न विचारणाऱ्याचे हसे करू नये, असे त्यांचे म्हणणे.

हे वाचून आम्ही चपापलो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका गावी आमचे कीर्तन संपल्यावर आठनऊ वर्षांच्या एका मुलाने पुढे येऊन विचारले होते की, सगळे देवाने केले तर देव कोणी केला? आम्ही एक चुटका सांगितला. मंडळी हसली. मुलगा खाली मान घालून निघून गेला. तो पुन्हा कधी कीर्तनास आलेला आम्ही पाहिला नाही.

ऑगस्टीन यांचे उत्तर असे की, काळ हाही सृष्टीबरोबरच उत्पन्न झाला. काळच नव्हता तेथे पूर्वी हा शब्द कसा लावणार? ईश्वर जगाच्या आधी आहे तो वर्षांच्या मोजणीने नव्हे. त्याचे सारे आज आहे, त्यात काल ढळत नाही आणि उद्या येत नाही. जगही त्याने कशापासून केले नाही. न्यायशास्त्रातील ईश्वराला अनादी परमाणू लागतात, वेदान्तात ब्रह्म स्वतःच उपादान होते. ख्रिस्ती मत या दोहोंहून वेगळे आहे, ते शून्यातून निर्मिती मानते. म्हणून ख्रिस्ती ईश्वराला स्वयंभू म्हणतानाही जपले पाहिजे. आपणच आपल्याला उत्पन्न केले असा त्याचा अर्थ घेतला, तर तो ऑगस्टीन यांना मान्य नाही. त्रैक्यावरील ग्रंथाच्या आरंभीच ते सांगतात की, कोणतीही वस्तू स्वतःला जन्म देत नाही. ईश्वर झालाच नाही, तो आहे.

मग आपला काळ तो काय? हे समजाविताना त्यांनी उदाहरण घेतले ते अँब्रोज यांच्या त्याच स्तोत्राच्या पहिल्या चरणाचे. आठ अक्षरे, एक लघू, एक गुरू, असा क्रम. आमच्या छंदःशास्त्रात हे प्रमाणिका वृत्त होय. कोठे मिलान आणि कोठे आमचे वृत्तरत्नाकर! म्हणून झालेले अक्षर गेले, यावयाचे अक्षर अजून आले नाही. मग दीर्घ अक्षर ऱ्हस्वाच्या दुप्पट हे मोजतो कोण? मन मोजते, गेलेले स्मृतीत आणि येणारे अपेक्षेत धरून. पद म्हणणाऱ्या कोणासही याची खूण पटेल. ज्या पदाने आईच्या मृत्यूच्या रात्री रडविले तेच येथे उदाहरणाला यावे, आणि त्याविषयी त्यांनी अवाक्षर काढू नये! आमची समजूत अशी की, आई कोठे गेली हाच प्रश्न ते येथे विचारीत होते.

बिशप म्हणून त्यांच्या सर्वच कृती आम्हांस रुचत नाहीत. डोनेटस याच्या पंथीयांना राजसत्तेच्या बळाने वळविण्यास त्यांनी अखेर संमती दिली, हा डाग पुसता येत नाही. ४१० मध्ये रोम लुटले गेल्यावर त्यांनी ईश्वराच्या नगरीवरील आपला विशाल ग्रंथ हाती घेतला आणि सुमारे १३ वर्षे त्यासाठी खर्ची घातली.

४३० मध्ये व्हँडल टोळ्यांनी हिप्पोला वेढा घातला. तेही एरियसच्याच मताचे होते. तिसऱ्या महिन्यात ७५ वर्षांच्या ऑगस्टीन यांना ताप आला. त्यांनी दाविदाची पश्चात्तापाची स्तोत्रे कागदांवर लिहवून घेतली, बिछान्यातून दिसतील अशी भिंतीवर लावविली आणि वैद्य व जेवण आणणारे यांखेरीज कोणी आत येऊ नये अशी विनंती केली. सुमारे दहा दिवस ते ती अक्षरे वाचीत आणि रडत होते. २८ ऑगस्ट रोजी ते निवर्तले. मृत्युपत्र केले नव्हते, कारण देण्यासारखे काही नव्हते. पुस्तके तेवढी जपावीत असे ते नेहमी सांगत. पुढे नगरीला आग लागली. पुस्तके वाचली.