सोन्नलगीचे तळे : शिवयोगी सिद्धरामेश्वर

शरणांचे चरित्र सांगताना आपण बहुधा त्यांच्या वचनांपासून आरंभ करतो. शिवयोगी सिद्धरामेश्वरांचे चरित्र पाण्यापासून सांगावे लागते. कपिलसिद्ध मल्लिकार्जुन या मुद्रेची त्यांची वचने विद्वान अभ्यासतात. पण सोलापुरातील अक्षरशत्रू माणसालाही सिद्धरामेश्वर ठाऊक असतात ते तळ्यामुळे.

बाराव्या शतकात आजच्या सोलापूरच्या जागी सोन्नलगी नावाचे लहानसे खेडे होते. मुद्दगौड आणि सुग्गलादेवी या दांपत्याच्या पोटी सिद्धराम जन्मास आले. रेवणसिद्धांनी या जन्माचे भाकीत आधीच केले होते, अशी श्रद्धा आहे. मूल अबोल, आपल्याच तंद्रीत राहणारे. शिकण्यासवरण्यात त्याचे चित्त दिसेना, म्हणून घरच्यांनी त्याला गुरे राखावयास पाठविले. तेथे रानात मल्लय्या जंगमाच्या वेषाने त्याच्यासमोर उभा राहिला आणि त्याने खावयास मागितले. मुलाने शेतातला हुरडा दिला. तो खाल्ल्यावर पोटात आग पडली, आता दहीभात आण, असे जंगमाने सांगितले. मुलगा घरी धावला, दहीभात घेऊन परतला, तर जंगम नाही. मल्लय्या, मल्लय्या असा आक्रोश करीत तो रानोमाळ फिरला आणि श्रीशैलाला निघालेल्या यात्रेकरूंच्या मागोमाग चालू लागला.

ही कथा आपण बालभक्तीचे उदाहरण म्हणून सांगतो, ते योग्यच आहे. परंतु तीत आणखी एक गोष्ट आहे, ती प्रवचनांतून सहसा कोणी सांगत नाही. देवाने या बालकाजवळ पहिली मागणी केली ती दाह शमविण्याची. पूजा मागितली नाही, फुले मागितली नाहीत. पुढे या मुलाच्या हातून जे घडले त्याचे बीज या मागणीत असावे, असे आम्हांस वाटते.

श्रीशैलावर यात्रेकरूंनी लिंगाकडे बोट दाखवून हाच मल्लय्या असे सांगितले. मुलाला ते पटेना. त्याने पाहिलेला मल्लय्या भुकेला होता, बोलत होता. शोधून थकल्यावर तो कड्यावरून उडी घेणार, तोच मल्लिकार्जुनाने त्यास सावरले आणि सोन्नलगीस परत जाण्याची आज्ञा केली. हे फार महत्त्वाचे आहे. श्रीशैलासारखे क्षेत्र सोडून, जेथे पाणीही धड नाही अशा गावी परत जा आणि त्याचेच क्षेत्र कर, असा त्या आज्ञेचा अर्थ होता.

परतल्यावर सिद्धरामांनी गावाच्या पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगांची स्थापना केली. क्षेत्रासाठी जागा मिळाली ती राणी चामलादेवीकडून, असे चरित्रात येते. हे चरित्र तेराव्या शतकातील कवी राघवांकाने कन्नड षट्पदीत रचले आहे. राघवांक हा महाकवी हरिहराचा भाचा आणि षट्पदी छंदाचा आद्य प्रवर्तक. त्याच्या काव्यात सिद्धराम दिसतात ते मुख्यतः बांधणारे, खणणारे, गाव वसविणारे सिद्धराम.

आता तळ्याकडे वळू. सोलापूरचा पाऊस वर्षाला सरासरी ५५० ते ७०० मिलिमीटर. तोही नियमाने पडत नाही. थोड्या जोरदार सरींत पुष्कळसा पडून जातो आणि त्याचा मोठा वाटा सप्टेंबरात येतो. खाली काळा पाषाण, वर चिकण काळी माती. ही माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि एकदा भिजून फुगली की पाणी आत घेत नाही. सीना नदी गावापासून काही कोस दूर. अशा ठिकाणी पडलेले पाणी अडविले नाही तर ते तासाभरात ओढ्याला लागते, आणि जानेवारीत विहिरी तळ दाखवितात. यासाठी उंचवट्यांवरून येणारे पाणी सखल जागी एकत्र करावयाचे, त्याच्या पुढे मातीची पाळ घालून तिला आतून दगड बसवावयाचे, आणि जादा पाणी पाळ फोडून जाऊ नये म्हणून एका बाजूस सांडवा ठेवावयाचा. तळ्यात साठलेले पाणी दिसते. पण तेच हळूहळू झिरपून खालच्या अंगाच्या विहिरींना जिवंत ठेवते, हे दिसत नाही. सीमाभागातील आपली माणसे आजही याला केरे म्हणतात. दक्खनच्या शेकडो गावांनी हे शास्त्र पुस्तकावाचून जाणले होते.

हे काम एकट्याने होत नाही. हजारो माणसे सिद्धरामांबरोबर खणत होती. माती उपसणे, दगड फोडणे, पाळ चोपणे हे ज्यांचे पिढीजात कसब, त्या वड्डरांचे हात त्यात होते. तळ्याचे खणणे ही त्या काळची एक शाळाच होती. ज्याने पाळ चोपली त्यास कोठे फट पडेल हे कळते, ज्याने गाळ काढला तो तळ्याच्या वरच्या अंगाला घाण टाकीत नाही. राजाने मजुरी देऊन बांधवून घेतलेले तळे आणि गावाने खणलेले तळे यांत हा भेद आहे.

अशा वेळी अल्लमप्रभू सोन्नलगीस आले. हा प्रसंग पंधराव्या शतकात संकलित झालेल्या शून्यसंपादनेत विस्ताराने आहे. प्रभूंनी खणणाऱ्यांना विचारले की तो वड्ड राम कोठे आहे. आपल्या गुरूला वड्डर म्हटले म्हणून लोक खवळले व त्यांनी दगडांचा वर्षाव केला. दगडांचा ढीग झाला, प्रभूंना एकही लागला नाही. मग सिद्धराम स्वतः क्रोधाने आले, त्यांनी नेत्राग्नी सोडला. तो अग्नी प्रभूंच्या पायाशी शांत झाला. सिद्धराम ओळखून चुकले आणि नम्र झाले. तेव्हा संवाद झाला. तळी, देवालये, अन्नछत्रे यांचे पुण्य लाभते खरे, परंतु मी केले हा भाव राहिला तर तेच पुण्य बंधन होते. बाहेर लिंगे स्थापिली, आतले लिंग अजून पाहिले नाही, असा प्रभूंच्या बोधाचा आशय आहे.

या प्रसंगाचा आधार घेऊन काही भाष्यकार असे म्हणतात की प्रभूंनी तळी-विहिरींचे काम हीन ठरविले. आम्हांस हे मान्य नाही. प्रभूंनी तळे बुजवा असे कोठे म्हटले आहे? त्यांनी खणण्यास दोष दिला नाही. तळ्यावर कोरलेले मीपण त्यांना नको होते. आणि पाहा, पुढे काय घडले. सिद्धराम तळे सोडून प्रभूंबरोबर कल्याणास गेले. कर्ता निघून गेला, तळे राहिले. ज्यांनी ते खणले होते, त्यांना ते सांभाळता येत होते. सिद्धराम गावाला चिकटून राहिले असते तर ते त्यांचे तळे झाले असते. ते गेले आणि तळे गावाचे झाले. वड्ड हा शब्दही उपहासाचा राहिला नाही. आज वड्डर अर्थात भोवी समाज सिद्धरामेश्वरांना आपले गुरू मानतो आणि जानेवारीत त्यांची जयंती करतो.

कल्याणात महात्मा बसवेश्वरांच्या अनुभवमंटपात सिद्धरामांनी इष्टलिंगाविषयी आपल्या शंका मोकळेपणाने मांडल्या. शिवयोग साधलेल्यास पुन्हा दीक्षा कशाला, हा त्यांचा प्रश्न होता. शंकांचे निरसन झाल्यावर त्यांनी आपल्याहून वयाने लहान अशा चन्नबसवण्णांकडून दीक्षा घेतली. अल्लमप्रभू आणि चन्नबसवण्णा यांच्यानंतर शून्यपीठावर ते तिसरे, असे परंपरा मानते. ११६७-६८ च्या सुमारास बिज्जळाचा अंत झाला, कल्याण उद्ध्वस्त झाले, शरण दिशांना पांगले. सिद्धराम सोन्नलगीस परतले आणि तेथेच त्यांनी समाधी घेतली. मंदिर तळ्याच्या पाण्यात उभे आहे. नंतर बहामनी काळात बांधलेल्या भुईकोट किल्ल्याची एक बाजूही याच तळ्याला लागून आहे.

संक्रांतीच्या गड्डा यात्रेत नंदीध्वज अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेकासाठी निघतात. ही प्रदक्षिणा चालून पाहणाऱ्याने एकदा पायाखालची जमीनही पाहावी. जेथे पूर्वी पाणी मुरत असे तेथे आता डांबर आणि सिमेंट आहे. १०० चौरस मीटरच्या छतावर १० मिलिमीटर पाऊस पडला की १००० लिटर पाणी होते. ते गच्चीच्या नळीतून रस्त्यावर, रस्त्यावरून गटारात आणि गटाराची घाण घेऊन तळ्यात उतरते. तळ्याचे पाणी बिघडते ते काठावर नव्हे, वरच्या अंगाच्या अंगणांत. मठांची व मंदिरांची प्रांगणेही फरशीने झाकण्याची स्पर्धा लागली आहे. ती आम्हांस शोभादायक वाटत नाही.

अमेरिकेतील मेरीलँड राज्याच्या प्रिन्स जॉर्जेस परगण्यात १९९० च्या सुमारास एका नव्या वसाहतीत घरोघर पाणी मुरविणाऱ्या उथळ बागा केल्या गेल्या. तेव्हापासून पर्जन्यबाग ही कल्पना जगभर गेली. तिचे मर्म तेच : पाणी पडेल तेथेच थांबवावे, आणि हे काम ज्याच्या अंगणात पडते त्याने करावे. सोन्नलगीचे मोठे तळे एकच होते. येथे शंभर घरांची शंभर लहान तळी होतात, फक्त त्यांत पाणी उभे राहत नाही.

ज्या भक्तांना करून पाहावयाचे असेल त्यांनी मे महिन्यात, मृग लागण्यापूर्वी, जागा निवडावी. घराच्या पायापासून निदान ३ मीटर दूर, छताची नळी जेथे सोडता येईल अशी किंचित सखल जागा. वीतभर खोल, पसरट, सपाट तळाचा खड्डा काढावा. बेळगावकडील तांबड्या मातीत थोडे कंपोस्ट मिसळले की भागते. सोलापूर, कलबुर्गीच्या काळ्या मातीत ते चालणार नाही; तेथे आणखी दोन-अडीच फूट माती काढून वाळू, मुरूम व कंपोस्ट यांचे मिश्रण भरावे. वाळा, कर्दळ, लव्हाळा अशी ओल व कोरड दोन्ही सोसणारी झाडे लावावीत. वाळ्याची मुळे खोल जाऊन मातीत वाटा करतात. कडेला एका बाजूस दगड रचून सांडवा ठेवावा. पहिल्या मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी पाहावे : २४ ते ४८ तासांत पाणी मुरले तर डासांची भीती नाही. न मुरल्यास दिवाळीनंतर माती पुन्हा उकरावी, वाळू वाढवावी, आणि साचलेला गाळ काढून झाडांच्या बुंध्याशी घालावा.