याकोबस व्हांट हॉफ

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की थोड्याच वेळात त्यांना पाणी सुटते. उलट, सुकलेल्या मनुका पाण्यात टाकल्या की त्या टरारून फुगतात. सजीवांचे शरीर सूक्ष्म पेशींचे बनलेले असते आणि प्रत्येक पेशीभोवती अतिशय पातळ पटल असते. त्यातून पाणी ये-जा करू शकते; साखर किंवा मीठ मात्र सहजासहजी पार होत नाही. म्हणून ज्या बाजूचे द्रावण अधिक दाट, तिकडे पाणी ओढले जाते. यालाच परासरण म्हणतात. हा ओढा किती जोराचा असतो, याचा नियम याकोबस व्हांट हॉफ या डच शास्त्रज्ञाने शोधून काढला.

हॉलंडमधील रॉटरडॅम शहरी ३० ऑगस्ट १८५२ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील डॉक्टर होते. याकोबसला रसायनशास्त्राचे विलक्षण वेड. सुट्टीच्या दिवशी शाळेच्या प्रयोगशाळेत गुपचूप शिरून तो प्रयोग करीत असे. एकदा तो पकडला गेला. तेव्हा वडिलांनी त्याला प्रयोगांसाठी घरातच जागा करून दिली, असे सांगतात.

१८७४ साली त्यांनी एक छोटीशी पुस्तिका प्रसिद्ध केली. कार्बनच्या अणूला जोडलेले चार अणू एका सपाटीत नसतात, चार दिशांना पसरलेले असतात, असे तीत प्रतिपादन होते. अणू तर कोणी डोळ्यांनी पाहिला नव्हता! कोल्बे नावाच्या नामांकित जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८७७ मध्ये या कल्पनेची जाहीर टर उडविली. व्हांट हॉफ तेव्हा पशुवैद्यकीय शाळेत नोकरीस होते. त्यावरूनही त्याने त्यांना टोमणे मारले. तरुण व्हांट हॉफ यांनी त्याच्याशी भांडण मांडले नाही. पुढच्याच वर्षी अ‍ॅमस्टरडॅम येथे ते प्राध्यापक झाले. तेथील पहिल्या व्याख्यानासाठी त्यांनी सुमारे २०० शास्त्रज्ञांची चरित्रे वाचून काढली आणि त्यांतील कितीतरी थोर पुरुषांना कल्पनाशक्तीचे देणे लाभले होते, हे दाखवून दिले.

हीच कल्पनाशक्ती पुढे परासरणाच्या कामी आली. अ‍ॅमस्टरडॅममध्ये ह्यूगो द व्ह्रीस हे वनस्पतिशास्त्रज्ञ त्यांचे सहकारी होते. एकदा रस्त्यात भेट झाली असता द व्ह्रीस यांनी त्यांना फेफर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाचे प्रयोग सांगितले. फेफर यांनी मातीच्या सच्छिद्र भांड्याच्या भिंतीत एक कृत्रिम पटल तयार केले होते. भांड्यात साखरेचे पाणी भरून ते साध्या पाण्यात ठेवले की बाहेरचे पाणी आत शिरे आणि आतला दाब वाढे. द्रावणात १ टक्का साखर असता हा दाब पाऱ्याच्या सुमारे ५३ सेंटिमीटर उंचीइतका भरला; साखर ४ टक्के करताच तो सुमारे २०८ सेंटिमीटर झाला. साखर चौपट, तर दाबही जवळजवळ चौपट! द्रावण तापविले असता दाब थोडा वाढत होता.

हे आकडे फेफर यांनी १८७७ मध्येच प्रसिद्ध केले होते. पण त्यांतील मर्म व्हांट हॉफ यांनी ओळखले. बंद भांड्यातील वायूही असाच वागतो. तेवढ्याच जागेत साखरेचे कण वायुरूपात असते तर त्यांनी जेवढा दाब दिला असता, तेवढाच परासरणाचा दाब विरळ द्रावणात असतो, हे त्यांनी गणिताने सिद्ध केले. मिठाचा हिशेब मात्र जुळेना. त्याचा दाब जवळजवळ दुप्पट येई. पाण्यात मिठाचे विद्युतभारित कण सुटे होतात, म्हणून कणांची संख्या वाढते, असा उलगडा स्वीडनच्या अऱ्हेनिअस यांनी १८८७ मध्ये केला.

रक्तातील तांबड्या पेशी साध्या पाण्यात टाकल्या तर फुगून फुटतात. म्हणूनच शिरेतून द्यावयाच्या सलाइनमध्ये शेकडा ०.९ मीठ असते. त्यात पेशी फुगत नाहीत आणि आक्रसतही नाहीत.

रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ मध्ये व्हांट हॉफ यांना मिळाले. तेव्हा ते बर्लिन येथे संशोधन करीत होते. पुढे क्षयाने त्यांची प्रकृती ढासळली आणि १ मार्च १९११ रोजी बर्लिनजवळ त्यांचे निधन झाले. पेशीच्या पटलात पाण्यासाठी खास सूक्ष्म वाटा असतात, हे त्यानंतर सुमारे ८० वर्षांनी उघडकीस आले.